स्पॅनिश क्रियापदाच्या तक्त्याची नाहक बदनामी

परकी भाषा शिकवणाऱ्यांच्या जगात सध्या एका बाबतीत कमालीचे एकमत आहे: क्रियापदांचे तक्ते म्हणजे शुद्ध कालापव्यय. ॲपवाले हेच सांगतात, तीन महिन्यांत अस्खलित करून सोडण्याची हमी देणारे हेच सांगतात, आणि व्याकरणाला कंटाळलेल्या विद्यार्थ्याला तर ते ऐकायचेच असते. ऐकत राहा, बोलत राहा, चुकत राहा. रूपे आपोआप तोंडात बसतील. वर एक प्रश्न हुकमी म्हणून टाकला जातो: लहान मूल तक्ते पाठ करून बोलायला लागते का? स्पॅनिशच्या बाबतीत या म्हणण्याला आकड्यांचाही टेकू मिळतो. 'कान्तार' म्हणजे गाणे. हे अगदी सरळ, नियमित क्रियापद. तरी त्याची साधी रूपे ४८ भरतात: स्वार्थाचे पाच काळ, सबजंक्टिव्हचे, म्हणजे इच्छा-शंका दाखवणाऱ्या रूपांचे, तीन, प्रत्येकात सहा पुरुष-वचने. 'आबेर' हे सहायक लावून होणारी संयुक्त रूपे आणखी तितकीच. वर आज्ञार्थ आणि धातुसाधिते. एका क्रियापदाची शंभरेक रूपे घोकायची, तर माणूस गाणार कधी, असा हा एकूण युक्तिवाद आहे. तो ऐकायला बिनतोड वाटतो, पण त्याचा पायाच चुकीचा आहे. कारण ही शंभर रूपे शंभर गोष्टी आहेत, हे त्यात न तपासता गृहीत धरलेले आहे.

मराठी वाचकाला हा युक्तिवाद चटकन पटतो, यामागे आपला शाळेतला इतिहास आहे. संस्कृत म्हणजे पैकीच्या पैकी गुण मिळवून देणारा विषय आणि 'गच्छति गच्छतः गच्छन्ति' म्हणजे अर्थाशी सुतराम संबंध नसलेली पोपटपंची, हे समीकरण इतके घट्ट बसले आहे की 'तक्ता' म्हटले की घोकंपट्टीच डोळ्यापुढे येते. गंमत अशी की ज्या पाणिनीच्या नावावर हे पाप खपवले जाते, त्याने तक्ता कधी मांडलाच नाही. त्याने अठरा मूळ प्रत्यय दिले आणि ते कुठे कसे बदलतात याचे नियम दिले. तक्ते नंतरच्या रूपावलीकारांनी छापले. म्हणजे दोष तक्त्यात नाही, तो वाचण्याच्या रीतीत आहे. बाराखडीचा कागद भिंतीवर लावला की त्यावर चारशेच्या वर अक्षरे दिसतात, पण कोणतेही मूल चारशे अक्षरे पाठ करत नाही. एकदा काना, वेलांटी, मात्रा कळली की 'क'चे जे झाले तेच 'म'चे होते. स्पॅनिशच्या नियमित क्रियापदाचा तक्ताही असाच वाचायचा असतो. जो तो डावीकडून उजवीकडे रेघ धरून म्हणत बसतो त्याला तो छळणारच.

जरा जवळून पाहू. वर्तमानकाळ: कान्तो, कान्तास, कान्ता, कान्तामोस, कान्ताइस, कान्तान. सततच्या भूतकाळाचे, म्हणजे इम्परफेक्तोचे रूप: कान्ताबा, कान्ताबास, कान्ताबा, कान्ताबामोस, कान्ताबाइस, कान्ताबान. आता शेवट तेवढे बघावेत. 'तू'साठी स, 'आम्ही'साठी मोस, स्पेनमधल्या 'तुम्ही'साठी इस, 'ते'साठी न. 'मी' आणि 'तो' बहुधा रिकामे. हे शेवट प्रत्येक काळात पुन्हा भेटतात. 'आम्ही'चे रूप मोसने संपते आणि 'ते'चे न ने, याला स्पॅनिशमध्ये अपवादच नाही; अत्यंत बेशिस्त समजल्या जाणाऱ्या क्रियापदांतही नाही. 'तू'चा स फक्त दोन ठिकाणी गायब होतो: होकारार्थी आज्ञार्थात आणि प्रेतेरितोमध्ये, म्हणजे घडून संपलेल्या गोष्टीच्या भूतकाळात, जिथे 'कान्तास्ते' असे रूप होते. आणि तिथे लोक काय करतात? स्पेनमध्ये काय, लॅटिन अमेरिकेत काय, असंख्य लोक सर्रास 'कान्तास्तेस' म्हणतात. व्याकरणकार शतकानुशतके त्यांचे कान उपटत आले आहेत, पण तो स काही हटत नाही. ज्यांनी आयुष्यात कधी तक्ता पाहिलेला नाही अशा लोकांच्या डोक्यातही तक्त्याचा सांगाडा इतका पक्का आहे की रिकामी जागा दिसली की ते ती भरून काढतात. तक्ता ही पंडितांनी भाषेवर लादलेली चौकट आहे, असे म्हणणाऱ्यांनी या एका स चे स्पष्टीकरण द्यावे.

भविष्यकाळाकडे वळलो तर हे आणखी स्पष्ट होते. कान्तारे, कान्तारास, कान्तारा, कान्तारेमोस, कान्तारेइस, कान्तारान. सहा नवी रूपे, असे वाटते खरे. पण 'कान्तार' तसेच्या तसे बाजूला काढले तर उरते काय? ए, आस, आ, एमोस, एइस, आन. हा 'आबेर' या सहायकाचा वर्तमानकाळ आहे, 'तुम्ही'च्या रूपात थोडा झिजलेला. लोकलॅटिनमध्ये 'गाणे आहे मला' अशा धाटणीची जी रचना होती तीच घट्ट होऊन एक शब्द झाली. मध्ययुगीन कास्तीलियनमध्ये, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, हा सांधा अजून उघडा होता. क्रियापद आणि प्रत्यय यांच्या मधोमध सर्वनाम घालता येत असे. आन्तोनिओ दे नेब्रिहा याने १४९२ साली कास्तीलियनचे पहिले छापील व्याकरण लिहिले, तेव्हा हा सांधा त्याच्याही ध्यानात आला होता. आता पुढची पायरी. त्याच 'कान्तार'ला 'आबेर'च्या वर्तमानाऐवजी भूतकाळाचा शेवट लावला की 'कान्तारीआ' होते. पाठ्यपुस्तके याला 'कंडिशनल' असे स्वतंत्र नाव देऊन स्वतंत्र धड्यात कोंबतात आणि विद्यार्थी बिचारा आणखी सहा रूपे घोकायला बसतो. आन्द्रेस बेल्यो या काराकासला जन्मलेल्या आणि चिलीत स्थायिक झालेल्या विद्वानाने १८४१ च्या आपल्या निबंधात आणि पुढे १८४७ च्या व्याकरणात यावर नेमके बोट ठेवले. त्याने या काळाला 'पोस्प्रेतेरितो' म्हटले: भूतकाळातल्या एका क्षणानंतरचे. 'तो म्हणतो की तो गाईल' यात कान्तारा. 'तो म्हणाला की तो गाईल' यात कान्तारीआ. वर्तमानापुढचे भविष्य आणि भूतापुढचे भविष्य. प्रत्ययात जे घडले तेच अर्थात घडले. मेक्सिकोच्या शाळांत बेल्योची नावे आजही चालतात. तक्त्यातल्या दोन ओळी शेजारी ठेवल्या नसत्या तर हे नाते दिसले कसे असते, याचे उत्तर 'आपोआप'वाल्यांकडे नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नियमित क्रियापद कितीही सुंदर असो, रोजच्या बोलण्यात लागणारी क्रियापदे, म्हणजे असणे, जाणे, करणे, सांगणे, जवळ असणे, ही सगळी अनियमित आहेत. मग 'कान्तार'चा तक्ता घेऊन करायचे काय? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष खोटा आहे. अनियमितता म्हणजे अराजक नव्हे. ती ठराविक जागी असते आणि बाकी सगळीकडे नियमित तक्ताच राज्य करतो. इम्परफेक्तोमध्ये अख्ख्या भाषेत तीन क्रियापदे अनियमित आहेत: सेर (असणे), इर (जाणे) आणि बेर (पाहणे). भविष्यकाळात डझनभर क्रियापदांचे मूळ बदलते, शेवट एकाचाही बदलत नाही, आणि बदललेले तेच मूळ कान्तारीआच्या धर्तीच्या रूपांत जसेच्या तसे वापरता येते. सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट सबजंक्टिव्हच्या भूतकाळाची. विद्यार्थी या रूपाला सर्वांत जास्त घाबरतात. प्रेतेरितोमधले 'ते'चे रूप घ्यावे, त्याचा रोन काढावा आणि रा लावावा: कान्तारोनवरून कान्तारा. बस. तुब्येरोनवरून तुब्येरा, दिखेरोनवरून दिखेरा, फ्वेरोनवरून फ्वेरा. एकही अपवाद नाही. स्पॅनिशमधल्या अत्यंत वाकड्या क्रियापदांनाही लागू पडणारा हा नियम कळतो कुठे, तर नियमित क्रियापदाच्या तक्त्यात दोन रकाने जोडून पाहताना. नुसते ऐकून तो हाती लागायला किती वर्षे जातील कोण जाणे.

'अनियमित' म्हणून यादीत घुसडलेल्यांपैकी बरीचशी क्रियापदे तर अनियमित नाहीतच. 'बुस्कार' म्हणजे शोधणे. 'मी शोधले' लिहिताना रोमन लिपीत सी जाऊन क्यू-यू येते आणि पुस्तके तिथे लाल खूण करतात. देवनागरीत लिहा: बुस्कार, बुस्के. क तो क. 'ल्येगार' म्हणजे पोचणे, ल्येगार, ल्येगे. ग तो ग. गडबड लिपीची आहे, क्रियापद निमूटपणे 'कान्तार'च्याच मागे चालले आहे. आपल्या लिपीत उतरवून पाहिल्यावर अनियमिततेचा एक अख्खा धडा नाहीसा होतो, ही मराठी विद्यार्थ्याला फुकट मिळालेली सवलत आहे. ती घेतो कोण?

आता त्या लहान मुलाकडे येऊ. तक्त्याविरुद्धचा हा साक्षीदार उलटतपासणीत फितूर होतो. स्पॅनिश बोलणारे लहान मूल एका वयात 'मला माहीत आहे' या अर्थी 'से' न म्हणता 'साबो' म्हणते. घरात, अंगणात, कुठेही मोठ्या माणसाच्या तोंडून त्याने 'साबो' ऐकलेले नसते. 'तुटलेले' म्हणताना ते 'रोतो'ऐवजी 'रोम्पिदो' म्हणते. तेही कुणी शिकवलेले नसते. मग ही रूपे आली कुठून? मुलाने ऐकलेल्यातून नियमित क्रियापदाचा सांगाडा उभा केला आणि तो नको तिथेही चालवला. म्हणजे मूल तक्ता टाळत नाही. ते तो स्वतः बांधते आणि त्यासाठी जागेपणीचे सगळे तास, कित्येक वर्षे खर्च करते. आठवड्यातून चार तास काढणाऱ्या नोकरदार माणसाने बांधून तयार असलेला सांगाडा हाती न घेता तो पुन्हा पहिल्यापासून बांधत बसावे, हा सल्ला देणारे त्याचे हित पाहतात असे म्हणवत नाही. हीच शक्ती मोठ्यांतही दिसते. 'तुइतेआर', म्हणजे ट्वीट करणे, हे क्रियापद काल-परवाचे. स्पॅनिश अकादमीच्या कोशात ते २०१४ च्या तेविसाव्या आवृत्तीत आले. पण कोशात येण्याआधीच त्याची शंभर रूपे बोलणाऱ्यांच्या जिभेवर तयार होती, त्यांतली बहुतेक कुणी कधी ऐकलेली नसताना. नवे क्रियापद स्पॅनिशमध्ये शिरले की ते जवळजवळ नेहमी कान्तारच्याच गणात जाते.

'ऐकत राहा' या सल्ल्याची आणखी एक पंचाईत आहे आणि ती खास आपली आहे. 'कान्तो'च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी गातो', शेवटच्यावर दिला तर 'तो गायला'. 'कान्तारा'च्या मधल्या अक्षरावर जोर असला तर ते सबजंक्टिव्ह, शेवटच्यावर असला तर भविष्यकाळ. रोमन लिपीत एक तिरकी रेघ हा फरक दाखवते. देवनागरीत तो दिसतही नाही. इथे मात्र आपली लिपी आपल्याला दगा देते. मराठीत आघाताची जागा बदलून क्रियापदाचा पुरुष किंवा काळ बदलत नाही, त्यामुळे तिकडे लक्ष द्यायची आपल्या कानाला सवयच नाही. ज्या फरकाकडे कान मुळात वळत नाही तो तासन्‌तास ऐकून कसा उमटणार? आधी डोळ्यांनी दोन रूपे शेजारी पाहावी लागतात, मग कान शोधू लागतो.

या मुद्द्यावर संशोधनाचा हवाला विरोधकही देतात, तेव्हा तोही पाहू. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या सुमारास मांडले की नकळत आत्मसात झालेली भाषाच बोलण्यात उतरते. जाणीवपूर्वक शिकलेला नियम फक्त मागाहून तपासणी करतो. तक्ताविरोधी प्रचाराचे हे मूळ. पण बिल व्हॅनपॅटन यांचे काम बघा. ते स्वतः यांत्रिक घोकंपट्टीचे कडवे टीकाकार, आणि अभ्यास मुख्यतः स्पॅनिश शिकणाऱ्यांचाच. त्यांना दिसले ते असे: वाक्यात 'आयेर', म्हणजे 'काल', हा शब्द असला की शिकणारा काळ त्यावरूनच ओळखतो आणि क्रियापदाच्या शेवटाकडे ढुंकूनही पाहत नाही. अर्थ कळला, काम झाले. मग नुसते कानावर पडून शेवट शिकला जाणार कसा? व्हॅनपॅटन यांचा उपाय तक्ता नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. शेवटाकडे लक्ष द्यावेच लागेल असे सराव त्यांनी रचले. पण लक्ष वळवावे लागते, ते आपोआप वळत नाही, एवढे त्यांच्याच कामातून सिद्ध होते आणि माझ्या म्हणण्याला तेवढे पुरे आहे. जॉन नॉरिस आणि लूर्देस ओर्तेगा यांनी २००० साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा नियम उघड करून शिकवण्याचे पारडे सरासरीने जड निघाले. मोजण्याच्या कसोट्या व्याकरणाच्या बाजूला झुकलेल्या असतात, ही शंका त्यांनीच नोंदवली आहे. तिचे वजन मी नाकारत नाही. पण 'तक्त्यांचा उपयोग नाही हे शास्त्राने सिद्ध केले आहे' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी निदान ही छाननी वाचावी.

मराठी माणसाला तक्त्याची गरज एका वेगळ्या कारणानेही आहे. आपले क्रियापद एका बाजूने स्पॅनिशसारखे आहे: 'गातोस' म्हटले की 'तू' बोलावा लागत नाही. 'ती रोज गाई' आणि 'ती काल गायली' हा रीतिभूत आणि साध्या भूतकाळाचा भेद इम्परफेक्तो-प्रेतेरितोच्या बराच जवळ जातो. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला जे डोंगराएवढे वाटते ते आपल्याला घरचे आहे, तरी आपण ते इंग्रजी पुस्तकांतून, इंग्रजी भाषकाच्या भीतीसकट शिकतो. पण दुसऱ्या बाजूने मराठी दगा देते. 'तिने गाणे गायले, तिने ओवी गायली': भूतकाळात आलो की आपले क्रियापद कर्त्याला सोडून कर्माचा हात धरते. स्पॅनिश क्रियापद असे कधीच करत नाही. साध्या रूपांत सगळा कारभार कर्तरी, लिंगाचा तर प्रश्नच नाही. हे ज्याने तक्त्यात पाहिलेले नाही त्याची जीभ प्रेतेरितोमध्ये मराठीच्या वळणावर घसरणार. आपल्या शालेय व्याकरणातही ताख्यात, लाख्यात, वाख्यात ही नावे रूपावरूनच पडली आहेत, अर्थावरून नव्हे. ज्यांनी ती ठेवली त्यांना ठाऊक होते की एकच रूप अनेक अर्थांना राबते.

तेव्हा शेवटचा, आणि माझ्या मते एकमेव खरा आक्षेप हा: तक्ता रूप सांगतो, ते कधी वापरायचे ते सांगत नाही. मान्य. सबजंक्टिव्हचे वर्तमान रूप बनवणे पाच मिनिटांचे काम आहे. कान्तारच्या गणात आ चा ए होतो, बाकीच्या दोन गणांत ए-इ चा आ. 'तो गातो' कान्ता, 'त्याने गावे' कान्ते. पण वापर? 'तू गावंस अशी माझी इच्छा आहे' इथे मराठीही रूप बदलते, स्पॅनिशही बदलते. 'गा' आणि 'गाऊ नकोस' इथेही तसेच. नकार आला की दोन्ही भाषा आज्ञार्थाचे रूप टाकतात. मात्र 'तो गाईल असं मला वाटत नाही' इथे मराठी साध्या भविष्यावर भागवते आणि स्पॅनिश कान्ते मागते. 'तो गातो तेव्हा' कान्ता, 'तो गाईल तेव्हा' कान्ते. ही वाटणी वाचून, ऐकून, चुकूनच अंगवळणी पडते. इथे ऐकण्याची बाजू घेणारे बरोबर आहेत. पण कान्ता आणि कान्ते ही दोन वेगळी रूपे आहेत एवढेच ज्याला दिसत नाही, त्याने शंभर वेळा ऐकले तरी निवड झाली आहे हेच त्याला कळणार नाही.

मग छापील तक्त्यात काय ठेवावे? सगळे नको. सबजंक्टिव्हचा भविष्यकाळ सुशिक्षितांच्या बोलण्यातूनही गेला आहे; तो उरला म्हणींत आणि कायद्यात. स्पेनच्या १९९५ च्या दंडसंहितेत मनुष्यवधाच्या १३८ व्या कलमात 'जो मारील' याला 'मातारे' म्हटले आहे, पण नवशिक्याने कुणाला मारायचे नसेल तर त्याला ती सहा रूपे लागणार नाहीत. ती ओळ तळटीपेत टाकावी. 'तुम्ही'चा कान्ताइस स्पेनबाहेर जवळपास कुणी म्हणत नाही, म्हणून लॅटिन अमेरिकेसाठी शिकणाऱ्यांची पुस्तके तो खुशाल गाळतात. तो मात्र मी ठेवीन. अर्जेंटिनात 'तू'साठी 'बोस कान्तास' म्हणतात, जोर शेवटच्या अक्षरावर. हे रूप आले कान्ताइसच्याच घराण्यातून; इ गळला, जोर जागेवर राहिला. कोमेइसचे कोमेस तसेच. रकाना कोरा सोडला तर बुएनोस आइरेसमध्ये उतरलेल्याला हे आणखी एक वेगळे रूप म्हणून पाठ करावे लागते. भरलेला असला तर 'इ गाळा' एवढी एक सूचना पुरते.